आठ नंबरचा बिल्ला

१

“हा तो माणूस नव्हे,” डॉक्टर भापकर म्हणाले.

तपासणीच्या टेबलावर पुंजाराम सदरा वर करून निजला होता. श्रीगोंद्याकडचा हा शेतकरी दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या ऑपरेशनला जायचा होता. स्वादुपिंडाचा कॅन्सर झालेला भाग, शेजारचं आतडं, पित्ताची नळी, सगळं काढायचं आणि उरलेलं पुन्हा जोडायचं. एकाहत्तर साल होतं ते. असल्या ऑपरेशनातून माणूस धडपणे घरी गेला तर आम्ही इस्पितळात पेढे वाटायचो, आणि पेढे वाटायची वेळ क्वचितच यायची.

मी तिथं काचपट्ट्या द्यायला आले होते. मी मनकर्णा, त्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करत होते. रोग्याच्या पोटातून काढलेला, नंबर घातलेल्या बाटलीतून आलेला तुकडा मेणात बसवायचा, त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे, हे माझं काम. हा रोग स्वादुपिंडातून बाहेर कोणत्या वाटेनं पडतो, याचा डॉक्टरांना ध्यास लागला होता. बाकीचे रक्तात शोधत होते. आमचे डॉक्टर म्हणायचे, तो मज्जातंतूंना धरून सरपटत जातो. म्हणून प्रत्येक ऑपरेशनात ते एक बारीकसा तंतूही काढून घ्यायचे, आणि तो मेणात बसून माझ्या कपाटात वाट पाहत राहायचा.

त्यांनी मला खिडकीशी नेलं. आवाज अगदी खाली आणला.

“दसऱ्याच्या आधी एकाच सकाळी मी दोघांची पोटं उघडली. दोघांना कावीळ, दोघांची लक्षणं सारखी. पित्ताला नवी वाट करून दिली आणि दोघांचाही एकेक तुकडा घेतला. पहिल्याचं रक्त झिरपायचं थांबेना, म्हणून त्याच्या उजव्या कुशीतून रबरी नळी बाहेर काढली. दुसऱ्याला ती लागली नाही. पहिला आठ नंबरच्या खाटेचा, म्हणजे पुंजाराम. मग याच्या कुशीला नळीचा व्रण का नाही?”

मी हातातल्या काचपट्ट्या खिडकीत ठेवल्या. त्या सकाळचा दुसरा माणूस, सात नंबर, म्हणजे माझे वडील होते. देवळाली प्रवऱ्याचे रंगनाथ, माझे आबा. आठ नंबरच्या बाटलीत कॅन्सर निघाला होता आणि सात नंबरच्या बाटलीत नुसती सूज. दोन्ही काप मीच काढले होते. सात नंबरची काचपट्टी पाहून मी दार लावून घेतलं होतं आणि आनंदानं पोटभर रडले होते.

आणि आबांच्या उजव्या कुशीला एक गोल व्रण होता. घरी नेल्यावर त्याच्यावर मीच रोज पट्टी बांधत होते.

२

गप्प बसावं असं वाटलं का? वाटलं. पण तेवढ्यात पुंजारामनं मान वळवली आणि मला विचारलं, “बाई, उद्या लई दुखंल का वो?”

मी डॉक्टरांना व्रणाचं सांगून टाकलं.

डॉक्टरांचा चेहरा उतरला, पण लगेच म्हणाले, “घाबरू नका. एवढ्यावरून बाटल्या चुकल्या असं होत नाही. कदाचित नुसता क्रम बदलला असेल. रंगनाथरावांना आधी आणलं असेल, पण त्यांच्याच बिल्ल्यासकट. मग बाटल्या बरोबरच आहेत.”

आमच्याकडे प्रत्येक खाटेच्या पायथ्याच्या दांड्याला पत्र्याचा नंबर लटकत असे. त्याला सगळे बिल्ला म्हणत. रोगी ऑपरेशनला निघाला की बिल्ला त्याच्या गळ्यात, परत आला की बिल्ला पुन्हा खाटेला. बाटलीवर नंबर पडायचा तो त्या बिल्ल्यावरूनच. डॉक्टर हात धुऊन येईपर्यंत रोग्याचं तोंड पडद्याआड गेलेलं असायचं आणि त्यांच्यासमोर उरायचं फक्त पोट. भूल द्यायला नगरहून येणारे डॉक्टर तर कुणालाच ओळखत नव्हते.

“आणि बिल्लेही बदलले असतील तर?” मी विचारलं.

त्यांनी पुंजारामकडे पाहिलं.

“मग उद्याचं पुढं ढकला ना, डॉक्टर.”

“भूल देणारे उद्या येणार, मग महिनाभर नाहीत. पुंजारामला कॅन्सर असेल तर तो महिना त्याचा जीव घेईल. नसेल, तर उद्या मी चांगल्या माणसाला कापून मारायला निघालोय. संध्याकाळपर्यंत मला कळलं पाहिजे.”

माणसं दोन आणि कॅन्सर एक. पुंजारामच्या अंगावरून तो उचलला, तर ठेवायला जागा एकच होती.

शोध लावू शकेल असा माणूस इस्पितळात एकच होता, आणि त्याला जागचं हलता येत नव्हतं. कानिफनाथ शेलार, निवृत्त फौजदार. मोटारसायकलवरून पडून मांडी मोडली होती. मोठ्या वॉर्डात त्यांचा पाय खाटेच्या पायथ्याशी चाकावरून दोरीनं ताणून बांधला होता आणि दोरीला वाळूची पिशवी लोंबत होती. हाड जुळेपर्यंत असंच उताणं पडायचं.

आम्हाला पाहताच त्यांची रोजची तक्रार सुरू झाली. “डॉक्टर, दक्षिणेला पाय करून बांधलंय मला. यमाला घर लवकर सापडावं म्हणून का? दुसरा कुणी असता तर कूस बदलली असती. मला तुम्ही खुंट्याला बांधलंय.”

“फौजदारसाहेब, थट्टा नंतर,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी सगळं सांगितलं.

फौजदारांचं हसू मावळलं. ते माझ्याकडे पाहू लागले. तसं बघणं मी त्याआधी कधी सोसलं नव्हतं.

“बाटल्या कुणाच्या ताब्यात असतात?”

“माझ्या.”

“आणि ज्याच्या बाटलीत काही निघालं नाही तो कुणाचा बाप?”

“माझा.”

“मग पोरी, तू आता इथून हलायचं नाहीस,” फौजदार म्हणाले.

३

आधी सिस्टर साळवे आल्या. ऑपरेशनच्या खोलीत त्यांचं राज्य. त्यांच्यासमोर डॉक्टरसुद्धा जपून खोकायचे.

“बाटलीवर नंबर मी लिहिते, बूच मी लाखेनं बंद करते,” त्या ताडकन म्हणाल्या. “मनकर्णाकडे बाटली जाते ती लाखेसकट, आणि लाख डॉक्टरांच्या समोर फुटते. ह्या मुलीवर शंका घ्यायची असेल तर आधी माझ्यावर घ्या.”

इतकी वर्षं मी ह्या बाईला खाष्ट म्हणत आले होते. त्या क्षणी तिचे पाय धरावेसे वाटले. पण लगेच पुढचं वाक्य आलं.

“पहिल्या माणसाच्या गळ्यात आठ नंबर होता. मी स्वतः वाचला. दुसऱ्याच्या गळ्यात सात.”

“त्यांची नावं नाही विचारलीत?”

“इंजेक्शन दिलेलं असतं हो. गुंगीत काहीही विचारा, ‘व्हय’ म्हणतात.”

मग स्ट्रेचर ओढणारा छगन. तो आला तोच हात जोडून.

“सायेब, धा वरसं झाली मला. मानसाच्या पायाशी बिल्ला आसतो, त्योच काढायचा आन् त्याच्याच गळ्यात घालायचा. मला सांगितलं आठ नंबर आन. मी आठ नंबर हुडाकला, ज्याच्या पायाशी हुता त्याला उचलला. देवाशप्पत.”

“आणि दुसरा?”

छगन जरा घुटमळला. “दुसऱ्या टायमाला बिल्ला जरा बघावा लागला. पर मानूस एकच ऱ्हायला हुता, बिल्ला बी एकच. चुकायचं काय त्यात?”

फौजदारांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली की काय. त्यांनी तसेच मिटल्या डोळ्यांनी पुंजारामच्या बायकोला बोलावलं.

भागूबाई पदर तोंडाला लावून खाटेशी उभी राहिली. उद्या नवऱ्याला नेणार ह्या धास्तीनं तिनं सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता.

“त्या दिवशी आधी कुणाला नेलं, बाई?”

“ह्यांच्या आबांना की,” तिनं माझ्याकडे बोट केलं. “मी मारुतीला नारळ फोडाया गेल्ते. आले तर त्यांची खाट रिकामी. आमचं मानूस हुतं तितंच. मंग मी भिताडाला टेकून ह्यांचं पाय दाबीत बसले, त्यो स्ट्रेचर येस्तवर.”

“नक्की आठवतंय?”

“आसं इसरंल का कुनी?”

ती गेली. फौजदार छताकडे पाहत बोलू लागले.

“म्हणजे पहिला माणूस रंगनाथ. हे भागूबाई सांगते आणि व्रणही सांगतो. पहिल्याच्या गळ्यात आठ नंबर, हे सिस्टर सांगतात. आणि ज्याच्या पायाशी बिल्ला त्यालाच उचलला, हे छगन सांगतो. डॉक्टर, खोटं बोलणारा माणूस मला दुरून वास आल्यासारखा कळतो. ह्यातलं कुणीही खोटं बोलत नाही.”

“पण असं कसं होईल?” मी जवळजवळ ओरडले. “आबांची खाट सात नंबरची. त्यांच्या पायाशी आठ नंबर येईलच कसा? सिस्टरांनीच चुकीचा वाचला असेल.”

सिस्टर चुकल्या असाव्यात म्हणून मी देवाचा धावा करत होते. थोड्या वेळापूर्वी माझ्यासाठी भांडलेली ती बाई चुकलेली असावी, एवढंच मला हवं होतं. भीतीनं माणूस असा होतो.

“तो व्हरांडा कसा आहे?” फौजदारांनी विचारलं.

डॉक्टरांनी सांगितलं. व्हरांडा चिंचोळा. आडव्या खाटा मावत नाहीत, म्हणून दोन खाटा एकामागे एक लावलेल्या. दार दक्षिणेला. दारातून शिरलं की आधी सात नंबर, तिच्या मागे लगटून आठ नंबर, तिच्या मागे उत्तरेची भिंत. सिस्टरांना दारातून रोग्यांची तोंडं दिसावीत म्हणून दोघांच्याही उशा उत्तरेला, पाय दक्षिणेला.

“पाय दक्षिणेला,” फौजदार म्हणाले. त्यांनी आपल्या बांधलेल्या पायाकडे पाहिलं, मग डोळे मोठे केले. “पोरी, तुझा बाप कुठाय आत्ता?”

४

आबा माझ्याच खोलीवर होते. दुपारच्या एसटीनं आले होते, माझ्यासाठी उसाच्या चार कांड्या घेऊन. पाठ दुखते म्हणत होते, मांडीवर उशी घेऊन पुढं वाकून बसले की बरं वाटतं म्हणत होते. एसटीचे धक्के, असं त्यांनी सांगितलं आणि मी ते मानून घेतलं होतं. धोतराला पूर्वीपेक्षा एक वेढा जास्त बसत होता, तेही मी पाहिलं होतं आणि पाहिलं नव्हतं.

मी त्यांना घेऊन आले. वाटेत त्यांनी विचारलं, “फौजदार कशापायी बोलावतो? चोरीबिरी झाली का काय?”

“तसंच काहीसं,” मी म्हणाले.

फौजदारांनी त्यांना खाटेच्या कडेला बसवलं. आवाज एकदम घरगुती केला.

“रंगनाथराव, एक गंमत सांगा. मला बघा कसं दक्षिणेला पाय करून टांगलंय. तुम्हीही त्या व्हरांड्यात तसेच निजायचा का?”

आबा हसले. सिस्टर साळवे जवळ नाहीत हे पाहून घेतलं आणि पोरासारखे पुढं झुकले.

“छ्या! यमाकडं पाय करून कोन निजंल? मढ्याला निजवत्यात तसं. सिस्टर गेली की आमी दोगं फिरायचो, उशी हिकडची तिकडं. तिची चप्पल वाजली की पुना सरळ. पुंजाराम भ्यायचा, मीच त्याला म्हन्लं, फीर रं, काय हुत न्हाई.”

“आणि ऑपरेशनच्या दिवशी?”

“त्या दिशी तर व्हयच. त्या दिशी कोन यमाकडं पाय करील? विंजेक्शन दिऊन सिस्टर तिकडं गेली, आमी हिकडं फिरलो. मंग झोपच लागली.”

वॉर्डात कुणीतरी खोकलं.

“डॉक्टर, खाट हलली नाही, बिल्ला हलला नाही,” फौजदार सावकाश म्हणाले. “माणूस फिरला. सात नंबरवरचा रंगनाथ फिरला की त्याचं डोकं दाराकडं आणि पाय उत्तरेला. तिथं काय असतं? आठ नंबर खाटेचा पायथा, आणि त्याला लटकलेला आठ नंबरचा बिल्ला. छगननं बिल्ला पायाशीच पाहिला, फक्त तो शेजाऱ्याचा होता. पुंजाराम फिरला की त्याचे पाय उत्तरेच्या भिंतीला. म्हणूनच भागूबाई भिंतीला टेकून पाय दाबत होती. सरळ निजलेला असता तर भिंत उशाशी आली असती. त्याच्या पायाशी बिल्लाच नव्हता, म्हणून छगनला तो शोधावा लागला आणि उरलेला सात नंबर त्याच्या गळ्यात पडला. परत आणताना माणूस आपल्या जागी आणि बिल्ला आपल्या दांड्यावर गेला, म्हणून कुणाला काही कळलं नाही. कुणी चोरी केली नाही. दोन माणसं मरणाला भ्याली, एवढंच.”

सिद्ध झालं होतं सगळं. शाळेतल्या गणितासारखं शेवटी काही उरलं नव्हतं. पुंजारामला नुसती सूज होती. त्याला उद्या कुणी कापणार नव्हतं.

आबा एकदा फौजदारांकडे, एकदा डॉक्टरांकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे. मी तोंड फिरवलं, आणि तेवढं त्यांना पुरलं.

“म्हंजे ती आठ नंबरची बाटली,” ते म्हणाले, “माझी व्हय?”

५

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. “अजून एक गोष्ट हातात आहे. उद्याचं टेबल रिकामं झालंय, रक्त तयार आहे. रोग अजून स्वादुपिंडातच असेल तर मी रंगनाथरावांना घेतो. पण तंतूंवर चढला असेल तर कापून उपयोग नाही, नुसते हाल. आठ नंबरचा तंतू तुमच्या कपाटात आहे. काप दुसऱ्या कुणाकडून करवून घेऊ?”

“नको,” मी म्हणाले. “मीच करते.”

का म्हणाले, देव जाणे. दुसऱ्याचा हात हलला असता तर मला सहन झालं नसतं.

मेणाचा ठोकळा काढला. काप काढला, कोमट पाण्यावर पसरला, काचेवर उचलला, रंगवला. रोजचंच काम, रोजचेच हात. फक्त आज तो तुकडा कुणाचा आहे हे मला ठाऊक होतं. भिंगाला डोळा लावायच्या आधी मी दोनदा काच पुसली. मग तिसऱ्यांदा पुसायला लागले तेव्हा डॉक्टर मागून हळूच म्हणाले, “बघा आता.”

तंतूचा आडवा काप उसाच्या कांडीच्या कापासारखा दिसतो. गोल, आत रेषारेषांचा गर, भोवती साल. मी आधी गर पाहिला. स्वच्छ होता. माझ्या तोंडून “देवा” असं निघालं. मग काचपट्टी जराशी सरकवली.

सालीच्या आतल्या अंगानं जांभळ्या पेशी ओळीनं बसल्या होत्या. वेड्यावाकड्या, एकमेकींना चिकटून, तंतूला सगळीकडून वेढा घालून. डॉक्टर जे म्हणत आले होते ते शब्दन् शब्द खरं होतं. रोग मज्जातंतूला धरून सरपटत निघाला होता, आबांच्या पाठीकडे.

मी उठून त्यांना जागा दिली. ते खूप वेळ पाहत राहिले. इतकी वर्षं ज्याचा शोध घेतला ते त्यांच्या भिंगाखाली स्वच्छ दिसत होतं, आणि त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं.

“उद्या टेबल नको,” ते म्हणाले. “औषध देऊ दुखण्यावरचं. जितकं लागेल तितकं.”

दिवेलागण झाली होती. ऑपरेशन होईल ह्या आशेनं सिस्टरांनी आबांना व्हरांड्यातल्या त्याच सात नंबरच्या खाटेवर निजवलं होतं. मागच्या आठ नंबरवर पुंजाराम बसला होता. सकाळच्या गाडीनं तो घरी जाणार होता. मला पाहून भागूबाई धावली आणि माझ्या पायांवर डोकं ठेवायला लागली. मी तिला वर ओढलं. तिला काही सांगितलं नाही. तिच्या आनंदात माझा वाटा होता, एवढं खरं.

आबा सरळ निजले होते. उशी उत्तरेला, पाय दाराकडे, दक्षिणेला. मी खाटेशी उभी राहिले. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. माझ्या तोंडाकडे पाहून त्यांनी एकदा मान हलवली, पीक हातचं गेल्यावर हलवायचे तशी.

पुंजाराम मात्र सवयीनं फिरला होता. त्याचे पाय भिंतीला होते.

मी वाकून आबांच्या डोक्याखालची उशी ओढायला लागले. “सिस्टर नाहीत आबा. उठा. फिरवून देते तुम्हाला.”

त्यांनी माझं मनगट धरलं.

“ऱ्हाऊ दे, मने,” ते हळूच म्हणाले, पुंजारामला ऐकू जाऊ नये अशा बेतानं. “मी फिरलो तर यम पुना त्याच्याकडं जायाचा.”

मी उशी होती तिथंच ठेवली, पायथ्याशी बसले आणि त्यांचे पाय दाबू लागले.